दोन गार्डांमधली जागा

१

टेपवर विश्वास ठेवायचा नाही, हा मिस्त्रींचा पहिला नियम होता. टेप लोंबते, वाकते आणि बघणाऱ्याला जे हवे असते तेच सांगते, असे त्यांचे ठाम मत होते. म्हणून कोणत्याही गाडीला काही बसवायचे झाले, की ते आधी जाड पुठ्ठ्याचा साचा कापत आणि मग त्या साच्याबरहुकूम लोखंड. साचा जागेवर सरकवताना अडकता कामा नये आणि सोडल्यावर हलता कामा नये. बाजूला फट राहिलीच, तर तीत करवतीचे पाते जेमतेम शिरावे. चाळीस वर्षांत त्यांनी याहून अधिक फट कधी खपवून घेतली नव्हती, स्वतःची तर मुळीच नाही.

सोमवारी सकाळी डॉक्टरबाई आपली जुनी गाडी घेऊन आल्या. फिक्या सायीच्या रंगाची, गोल पाठीची ती गाडी बाईंच्या यजमानांनी उमेदीच्या वयात घेतली होती. यजमान जाऊन तीन वर्षे झाली होती. येत्या रविवारी जुन्या गाड्यांचे प्रदर्शन होते आणि त्यात ती सर्व मूळ सामानासह उभी राहावी, अशी बाईंची इच्छा होती. मागच्या सीटवरून त्यांनी एका चादरीत गुंडाळलेले दोन बंपर गार्ड काढले. पूर्वीच्या गाड्यांच्या बंपरवर असे दोन उभे, गुळगुळीत, निकेलचे खुंट असत; समोरचा धक्का बंपरऐवजी त्यांनी सोसावा, एवढेच त्यांचे काम.

“हे याच गाडीचे का?” मिस्त्रींनी विचारले.

“याच गाडीचे. ह्यांनीच एक दिवस काढून माळ्यावर टाकले. नीट बसत नाहीत म्हणाले.”

मिस्त्रींनी गार्ड उलटे करून पाहिले. मागच्या पट्ट्या, ज्यांनी गार्ड बंपरला धरून राहतो, त्या दोन्ही पिळवटलेल्या होत्या. गाडी कधी आपटली होती का, असे त्यांनी रीतीप्रमाणे विचारले. बाईंनी ठामपणे मान हलवली. त्यांच्या यजमानांसारखा जपून गाडी चालवणारा माणूस मिळाला नसता, असे त्या म्हणाल्या, आणि इतकेच बोलून छत्री उचलून निघाल्या.

काम तसे सरळ होते. जुन्या पट्ट्या कापायच्या, नव्या घडवायच्या, गार्ड गाडीवर जागच्या जागी धरून वेल्डिंगचे छोटे टाके मारायचे, ते निवाले की साचा सरकवून पाहायचे, आणि मग पक्का जोड. त्यानंतर निकेलच्या मुलाम्यासाठी दोन दिवस. म्हणजे गुरुवारी संध्याकाळपर्यंत गार्ड बसलेच पाहिजेत.

पण या सरळ कामावर मिस्त्रींचे पुष्कळ काही अवलंबून होते. सहा महिन्यांपूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते. तेव्हापासून घरात एकच विषय, आता काम थांबवा. अखेर एकदा जेवताना चिडून ते म्हणाले होते, “माझं एक जरी काम चुकलं, तर त्या दिवशी काच पोरीच्या हातात देईन आणि दुकानात खुर्ची टाकून बसेन.” काच म्हणजे वेल्डिंग करताना तोंडासमोर धरायची ढाल, तिच्यात काळी काच असते म्हणून सगळे तिला नुसते काच म्हणत. मिस्त्रींच्या पत्नीने ते वाक्य अक्षरशः पाठ करून ठेवले होते.

पोरगी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. वय सव्वीस, वेल्डिंगचे रीतसर शिक्षण घेतलेली, अंगाने सडपातळ आणि बोलायला टोकदार. म्हणून लहानपणापासून सारे तिला टाचणी म्हणत. तिचा हात सुबक होता, पण संथ. तिने वेल्डिंगचा रॉड हातात घेतला रे घेतला, की मिस्त्रींचे “आटप, आटप” सुरू होई.

“अप्पा, तुमच्या ‘आटप’नं लोखंड लवकर वितळतं का?” ती विचारी आणि अधिकच सावकाश करी.

त्या सोमवारी मिस्त्रींनी दोन गार्डांमधले अंतर चौदा इंच धरले, साचा कापला, टाके मारले. टाके निवाल्यावर साचा मध्ये सरकला तो लोण्यात सुरी जावी तसा. त्यांनी लेकीकडे पाहिले. लेकीने नाटकीपणाने हात जोडले.

२

मंगळवारी सकाळी साचा सरकवताच हातातून निसटून खाली पडला.

मिस्त्री क्षणभर त्या पुठ्ठ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तो उचलून झटकला आणि पुन्हा सरकवला. दोन्ही बाजूंना फट होती. आपल्याच नियमाविरुद्ध त्यांनी टेप लावली. चौदा इंच आणि वर दोन सूत, म्हणजे पाव इंचाचा फरक.

वेल्डिंगचा टाका निवताना आकसतो आणि लोखंडाला आपल्याकडे ओढतो, हे या धंद्यात पहिल्या महिन्यात कळते. ती ओढ आधीच हिशेबात धरून काम करायचे असते, आणि आपण ती धरायला चुकलो, असेच मिस्त्रींना वाटले. कान गरम झाले. पण मग त्यांच्या लक्षात आले, की टाके आतल्या अंगाला होते. ओढ लागली असती, तर गार्ड एकमेकांकडे झुकले असते. हे तर एकमेकांपासून दूर गेले होते.

ते खाली बसले आणि त्यांनी बॅटरीच्या उजेडात टाके तपासले. एकही तुटला नव्हता, तडकला नव्हता. पिळवटल्या होत्या त्या पट्ट्या, अगदी जुन्या पट्ट्यांसारख्या. दोन सूत जाडीची ती नवी पट्टी थंड असताना पिळायची म्हटली, तर ती घट्ट धरायला शिकंजा हवा आणि वर दोन माणसांचे बळ.

उठता उठता त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. आदल्या दिवशी घासकामाची बारीक काळी धूळ सगळ्या दुकानभर उडाली होती, तशी ती बंपरवरही सारखी पसरली होती. फक्त दोन गार्डांच्या मधोमध, शेजारी शेजारी, तळहाताएवढे दोन डाग स्वच्छ होते. कुणी कापड टेकवून पुसावेत तसे.

पोरगी टेकली असेल, असे मिस्त्रींनी मनाशी म्हटले आणि विषय संपवला. टाचणीनेही सकाळी झाडताना ते डाग पाहिले होते. अप्पा टेकले असतील, असे तिला वाटले होते. दोघांनीही एकमेकांना विचारले नाही. इतक्या क्षुल्लक गोष्टीबद्दल कोण विचारतो?

“काय झालं, अप्पा?”

“काही नाही. पट्टी हलकी निघाली. बदलतो.”

पट्टी हलकी नव्हती. तिच्याशी खोटे बोलल्याचे त्यांना स्वतःलाच नवल वाटले.

३

दुपारी टाचणी नटबोल्ट आणायला बाजारात गेली. मिस्त्री दुकानामागच्या खोलीत डबा उघडून बसले. ही खोली म्हणजे एक टेबल, एक स्टूल आणि दुकानाकडे उघडणारे, कधीही नीट न लागणारे दार. त्या फटीतून गाडीच्या मागच्या दिव्याचा लाल तुकडा तेवढा दिसत असे.

दुसरा घास तोंडात असताना त्यांना आवाज ऐकू आला.

तो आवाज त्यांना चांगला ठाऊक होता. गाडीला रेलून उभा असलेला माणूस जेव्हा अंग काढून घेतो, तेव्हा पुढची स्प्रिंग मोकळी होते आणि एक लांब, थकलेला सुस्कारा टाकते. जुन्या गाड्यांची स्प्रिंग तर हमखास. मिस्त्रींच्या डोळ्यांदेखत दिव्याचा लाल तुकडा केसभर खाली गेला. पुढचे टोक वर आले होते.

“आलीस का गं?” त्यांनी तोंडातल्या घासासकट विचारले.

उत्तर आले नाही. रुसली असेल, सकाळी पट्टीवरून तिला उगाच दोन शब्द सुनावले होते. ते पुढचा घास घ्यायला वळले आणि तेवढ्यात रस्त्याच्या बाजूने शटर वाजले. टाचणी हातात कागदाची पुडी घेऊन, नेहमीसारखी धापा टाकत आत आली आणि दुकानदार कसा दहादा विचारतो, बाई असून बोल्ट कशाला हवेत, ते सांगू लागली. मिस्त्री ऐकत राहिले.

उन्हाने लोखंड प्रसरते. जुनी स्प्रिंग आपोआपही वाजते. हे सारे खरेच आहे आणि त्यांनी ते स्वतःला एकेक करून नीट समजावून सांगितले.

जेवण झाल्यावर त्यांनी शटर पाऊण खाली ओढले, कारण वेल्डिंगचा प्रकाश रस्त्यावरच्या माणसांच्या डोळ्यांना लागतो. नव्या, अधिक जाड पट्ट्या घेतल्या. बंपरच्या डाव्या कोपऱ्याशी गुडघे टेकून बसले, काच तोंडासमोर धरली आणि रॉड टेकवला.

काळ्या काचेतून एरवी काहीच दिसत नाही. ठिणगी पेटली, की तिच्याभोवती बशीएवढे हिरवट उजेडाचे डबके तयार होते आणि त्यात जेवढे मावेल, तेवढेच जग उरते: रॉडचे टोक, वितळणारे लोखंड, गार्डची कड. मिस्त्री त्या डबक्यात चाळीस वर्षे राहिले होते.

त्या दिवशी त्यात एक कापड होते.

गार्डच्या पलीकडे, दोन गार्डांच्या मधल्या जागेत, राखी रंगाचे जाडसर कापड. त्याला आडव्या चुण्या पडलेल्या. हात पुसायचे फडके बंपरवर राहिले असणार आणि ते पेट घेईल, या विचाराने त्यांनी चटकन रॉड उचलला आणि काच बाजूला केली.

मधल्या जागेत काही नव्हते. फडके पलीकडे, शिकंज्याच्या दांड्यावर जिथल्या तिथे लटकत होते.

“थांबलात का?” टाचणीने विचारले.

“रॉड चिकटला,” मिस्त्री म्हणाले.

४

बुधवारी अंतर पंधरा इंच झाले होते. पुसलेले डाग तिथेच होते.

मिस्त्री सकाळी लेकीच्या आधी अर्धा तास येऊन बसले होते, म्हणून हे तिला कळले नाही. त्यांनी कुलूप तपासले, मागच्या खोलीची खिडकी तपासली. रात्री कुणी येऊन खोडी करून जात असेल, अशी एक आशा त्यांनी तासभर जपली. कुलपावर एक ओरखडा सापडला असता, तर त्यांनी चोराला मिठी मारली असती.

मग दोनच शक्यता राहिल्या. एक तर काच जुनी झाली होती. तिच्यात चरे पडले होते आणि चऱ्यांत उजेड फुटून भलतीसलती चित्रे दिसतात. नाही तर डोळा गेला होता.

त्यांनी काच बदलली. कोरी काच कागदातून काढून ढालीत बसवली, खिडकीसमोर धरून दोनदा पुसली. टाचणीला सांगितले, की आज आईला जरा मदत कर, दुकानात काही काम नाही. ती त्यांच्याकडे बघत राहिली. “काम नाही म्हणता, आणि गार्ड उद्यापर्यंत हवेत म्हणता,” असे पुटपुटत का होईना, ती गेली.

पट्ट्या तापवून सरळ केल्या. साचा बसला. शटर खाली आले. वेल्डिंग मशीनची घरघर सुरू झाली. मिस्त्री गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी ठिणगी पेटवली.

या खेपेला त्यांनी रॉड उचलला नाही. टाक्याकडे बघायचे सोडून त्यांनी काच जरा तिरपी केली आणि मधल्या जागेकडे पाहिले.

गुडघे होते. राखी पँटमधले दोन गुडघे, गाडीकडे तोंड केलेले, बंपरला घट्ट टेकलेले. चुण्या पडल्या होत्या त्या गुडघ्यांवर. उजवा गुडघा डाव्याहून किंचित मागे होता, पुढे वाकून आत काहीतरी बघणाऱ्या माणसाचा असतो तसा. उजेडाचे डबके तेवढ्यावरच संपत होते. वर काय होते ते त्यात मावत नव्हते, आणि काच वर तिरपी करून ते पाहावे, एवढी मिस्त्रींची छाती झाली नाही. ते गुडघे हलले. आपल्याला जागा पुरत नाही, असे वाटणारा माणूस बाकावर जसा दोन्हीकडे थोडे थोडे सरकून घेतो, तसे. गार्डच्या पट्टीतून एक बारीक करकर उमटली.

मशीन बंद केल्याचे त्यांना आठवत नव्हते. ते शटरबाहेर, रस्त्यावर, उन्हात उभे होते आणि समोरचा केशकर्तनालयवाला त्यांना विचारत होता, की मिस्त्री, चक्कर आली का, पाणी देऊ का.

त्यांनी डॉक्टरबाईंना फोन केला. गार्ड बसत नाहीत, गाडी घेऊन जा, असे सांगितले.

“ह्यांचंही अगदी असंच,” बाई म्हणाल्या. “बसत नाहीत, बसत नाहीत. का ते कधी सांगितलं नाही. तुम्ही तरी सांगाल?”

मिस्त्रींना सांगता आले असते. पण चाळीस वर्षांचा अनुभव असलेला मिस्त्री फोनवर एका डॉक्टरला काय सांगणार होता? ते म्हणाले, “बघतो, बाई. उद्यापर्यंत बघतो.”

५

त्या संध्याकाळी जेवणानंतर मिस्त्रींनी ढाल पिशवीतून काढून लेकीसमोर ठेवली.

“माझ्या डोळ्यांचं काही खरं नाही. उद्याचं काम तू कर.”

पत्नीने हातातले ताट खाली ठेवले. इतके महिने हेच शब्द ऐकायला टपलेल्या त्या बाईला, ते ऐकताच गहिवरून आले आणि ती उगाचच म्हणाली, की एवढी काही घाई नाही, राहू द्या अजून वर्षभर. टाचणीने ढाल उलटसुलट करून पाहिली. आपल्याकडे स्वतःची नवी आहे, ठिणगी पडताच आपोआप काळी होणारी, असे ती हळूच म्हणाली. आणि वडिलांचा चेहरा पाहून तिने जुनीही जवळ ओढून ठेवली.

मिस्त्री खोटे बोलले होते आणि नव्हतेही. रात्रभर त्यांनी एकच गोष्ट घोकली: डोळाच गेला असला पाहिजे. तिला काही दिसणार नाही. ती दोन टाके मारेल, साचा सरकवेल आणि मला चिडवेल. ज्या गोष्टीला ते सहा महिने भीत होते, तीच आता त्यांना हवी होती. आयुष्यात प्रथमच आपण हरावे, अशी त्यांची मनापासून इच्छा होती.

आणि जर तिला दिसले तर? तर आपण आपल्या एकुलत्या एक लेकीला, सगळे ठाऊक असताना, तिथे गुडघे टेकून बसवले, असा त्याचा अर्थ होत होता. हा विचार आला की ते कूस बदलत.

गुरुवारी दुपारी टाचणीने अंतर मोजले. सोळा इंच.

“अप्पा, तुम्ही यांच्याशी तीन दिवस भांडताय कशाला? गार्ड जिथं जाऊ म्हणतायत, तिथंच बसवू या ना. दोन इंचांनी कुणाला कळणार आहे?”

तिने सोळा इंचांचा नवा साचा कापला. पट्ट्या त्या अंतरावर धरल्या. साचा मधे सरकवला, तो ना अडकला, ना हलला. करवतीचे पाते घेऊन तिने फट तपासली आणि ते वडिलांकडे वळवून दाखवले. इतके तंतोतंत काम मिस्त्रींनीही वर्षभरात केले नव्हते. तीन दिवस करकरणारे ते लोखंड शांत उभे होते. जणू त्याला अखेर पुरेशी जागा मिळाली होती.

“मी मशीनच्या स्विचपाशी थांबतो,” मिस्त्री म्हणाले.

स्विच मागच्या भिंतीवर होता, बंपरपासून सात पावलांवर. त्यांनी शटर पाऊण खाली ओढले, तिथवर गेले आणि बटणावर हात ठेवला. काही झाले तर मशीन बंद करता येईल, एवढाच त्यांचा बेत होता. डोळ्यांसमोर धरायला काच नव्हती. जुनी ढाल लेकीने घरीच, ठेव मिळाल्यासारखी आपल्या उशाशी ठेवली होती. म्हणून त्यांनी गाडीकडे पाठ केली आणि तोंड भिंतीकडे.

मागे रॉड टेकल्याचा चरचराट झाला. सगळी भिंत निळसर पांढरी झाली.

एक टाका. रॉड थांबला. भिंत काळवंडली. टाक्यावरची खपली काढल्याचे तीन ठोके. पुन्हा चरचराट. दुसरा टाका. तिचा हात संथ होता, नेहमीसारखा, आणि मिस्त्री मनातल्या मनात मोजत होते. डाव्या गार्डचे झाले. ती उजव्याकडे सरकली. रॉड पेटला. तिला काही दिसले असते, तर ती एव्हाना बोलली असती. म्हणजे डोळाच. केवळ डोळा. त्यांनी कपाळ भिंतीला टेकवले. इतके हलके त्यांना कित्येक दिवसांत वाटले नव्हते.

“अप्पा,” टाचणी म्हणाली, हात न थांबवता, कामात गढलेला माणूस बोलतो तसे. “पाय जरा मागे घ्या ना. मला टाका दिसत नाही.”

मिस्त्रींचे पाय तिच्यापासून सात पावलांवर, भिंतीला लागून होते.

मागे गाडीच्या पुढच्या स्प्रिंगने एक लांब, थकलेला सुस्कारा टाकला.

“हं,” ती म्हणाली. “आता दिसतोय.”

चरचराट चालूच होता. तो उजेड जमिनीलगत, बंपरच्या खालून येत होता, म्हणून मिस्त्रींची सावली समोरच्या भिंतीवर छपरापर्यंत उंच गेली होती. ते तिच्याकडे बघत राहिले. ठिणगीच्या थरथरीबरोबर ती थरथरत होती. आणि तिच्या शेजारी, खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ, दुसरी एक सावली येऊन उभी राहत होती. ती जराशी पुढे वाकलेली होती.

बटणावरचे बोट त्यांनी अतिशय हळू उचलले. उजेड होता, तोवर निदान ते कुठे आहे हे कळत होते.

“शेवटचा इंच राहिला, अप्पा. आटपतेच.”

“नको,” मिस्त्री भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, आणि आवाज शक्य तितका सरळ ठेवला. “सावकाश कर, बाळा. अगदी सावकाश. घाई नाही.”